दुसरी कयाक कुठली घ्यावी? (कोल्हापूरहून समुद्रावर जाणाऱ्यांनी सांगा)

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. तीन वर्षांपूर्वी पहिली कयाक घेतली. वर बसायची, प्लॅस्टिकची, साडेदहा फुटी, ३२ इंच रुंद. थंडीतल्या कितीतरी सकाळी प्रयाग चिखलीपासून शिवाजी पुलापर्यंत ती वल्हवली आहे. पाण्यावरून वाफ निघत असते आणि वल्ह्यावरून ओघळणारे थेंब मोजता येतील इतकी शांतता असते. वल्हं धरायचं कसं, हातांऐवजी कमरेतून ओढायचं कसं, पाण्यात पडल्यावर परत चढायचं कसं, हे सगळं त्या होडीनेच शिकवलं.

गेले दोन सीझन तीच गाडीवर टाकून तारकर्लीला नेतो. कर्लीच्या खाडीत मजा येते. पण या फेब्रुवारीत समुद्राच्या बाजूने देवबागकडून परत येताना दुपारचा वारा सुटला. प्रत्येक लाटेवर होडीचा सपाट तळ थाडथाड आपटत होता आणि तोंड सारखं वाऱ्याकडे वळत होतं. सकाळी अर्ध्या तासात कापलेल्या अंतराला पावणेदोन तास लागले. त्याच दिवशी ठरवलं, आता खरी समुद्रावरची कयाक घ्यायची.

दोन समोर आहेत.
अ) १४ फुटी, २४ इंच, प्लॅस्टिक, खाली-वर होणारा स्केग (मागच्या टोकाखालचं पातं). नवी.
ब) १७ फुटी, २१ इंच, फायबर, पायाने चालणारं सुकाणू. वापरलेली, पण जपून ठेवलेली.

माझी उंची ५ फूट ७ इंच, वजन ६८ किलो. 'ब'मध्ये खाडीत पाच मिनिटं बसलो. इतकी हलत होती की काठावरच्या माणसाशी बोलतानाही मान वळवायचं धाडस होईना. पण दिसायला काय आहे! तलवारीच्या पात्यासारखी. 'ब' घेतली तर शिकून जाईन, की भीतीपोटी ती बोळात टांगलेलीच राहील?

उत्तरेश्वरकर
भावा, थेट 'ब'. लहान घेतलीस तर दोन वर्षांनी तिसरीचा धागा काढशील.

कट_वेगळा
एक प्रश्न विचारू का? कोल्हापुरात समुद्र कुठला?

पंचगंगाकाठ
@कट_वेगळा, समुद्र नाही पण घाट आहेत! गगनबावडा ५५ किलोमीटर, तिथून करूळ उतरलं की कोकण. पहाटे चारला निघालं की ऊन चढायच्या आत पाण्यात.

वल्हं_आणि_वारा
दादा, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे, तिच्यापासून सुरुवात करू. पाच मिनिटांत 'हलते' असं वाटलं, ते कशामुळे?

होडीला दोन प्रकारची स्थिरता असते. पहिली, पाणी सपाट असताना आपण सरळ बसल्यावर जाणवते ती. तुमच्या जुन्या होडीत ती भरपूर आहे, जाजमावर बसल्यासारखी. दुसरी, होडी एका कुशीवर कलवल्यावर कुठेतरी ती टेकल्यासारखी थांबते ती. अरुंद आणि गोलसर पोटाच्या होडीत पहिली कमी असते, पण नीट घडवलेली असेल तर दुसरी चांगली मिळते. समुद्रात दुसरीच कामाला येते. कारण रुंद सपाट होडी पाण्याच्या पृष्ठाला चिकटून राहते. लाट कलली की तीही कलते आणि आपल्यालाही घेऊन कलते. अरुंद होडीत कंबर सैल ठेवली की लाट खालून निघून जाते, आपलं धड सरळच राहतं.

तालमीत नवं पोर पाय ताठ करून उभं राहतं, ते धक्क्याला पडतं. मुरलेला पैलवान गुडघ्यात सैल असतो आणि सारखा थोडा थोडा हलत असतो. त्याला कुणी 'डळमळतोय' म्हणत नाही.

तेव्हा पाच मिनिटांवर निकाल देऊ नका. तासभर बसा, तेही पाण्याला थोडी हालचाल असताना.

उत्तरेश्वरकर
पैलवानाचं लई भारी पटलं.

कळंब्याची_मासोळी
मला 'ब'बद्दल वेगळीच शंका येते आहे आणि ती माझ्या अनुभवातून आली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं वजन ५२ किलो. मीही पहिल्या होडीनंतर थेट १७ फुटी घेतली. विकणारा म्हणाला होता, 'ताई, लांब तेवढी चांगली, एकदाच घ्या.' वर्षभर मी त्या होडीशी भांडले. वाऱ्यात ती पानासारखी उडायची. मला वाटायचं माझ्याच हातात जोर नाही, माझंच तंत्र कच्चं. पहाटे उठून हाताचे व्यायाम केले, पण उपयोग शून्य.

मग एका अनुभवी बाईंनी मला त्यात बसलेलं पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, 'तुझ्या मांड्या कुठे टेकतात?' कुठेच टेकत नव्हत्या. कॉकपिट, म्हणजे आत बसायची जागा, माझ्यापेक्षा खूप मोठं. माझ्या मांडीत आणि वरच्या कडेत पंजा आरपार जाईल एवढी फट होती. ती होडी ९० किलोच्या माणसाला तंबू-भांड्यांसकट आठवडाभर फिरवायला केलेली होती. माझ्या वजनाला ती पाण्यात बसतच नव्हती, वरच तरंगायची. जेवढी होडी पाण्यावर उघडी, तेवढा वारा तिला धरणार.

पंचगंगाकाठ दादा, 'ब'मध्ये बसलात तेव्हा पायाचे तळवे, मांड्या, नितंबांच्या दोन्ही बाजू आणि पाठीचा खालचा भाग, हे सगळं टेकत होतं का?

पंचगंगाकाठ
ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता पाटावर बसून आठवून पाहिलं. पाय टेकत होते. मांड्या नाही. बाजूला दोन्हीकडे दोन-दोन बोटं जागा होती. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वल्हं_आणि_वारा
ताईंनी अचूक बोट ठेवलं. बाजूची जागा फोमच्या पट्ट्या चिकटवून भरता येते, मांड्यांखालीही थोडं करता येतं. पण होडीचा आकारच मोठा असेल तर फोम लावून ती लहान होत नाही. पुढच्या वेळी पाण्याचे १० लिटरचे दोन कॅन घेऊन जा. एक पुढच्या हॅचमध्ये (सामानाच्या बंद कप्प्यात), एक मागच्या, कॉकपिट आणि कप्प्यामधल्या आडभिंतीला चिकटून, आणि हलणार नाहीत असे पक्के बांधून. तेवढ्यावर होडी एकदम शहाणी झाली, तर तुमचं वजन तिला कमी पडतंय असं समजा.

देवगड_बंदर
मी मूळचो तिकडचो, आता राजारामपुरीत. आमचे आजोबा एकच सांगत, 'वारो बघून होडी घे. होडी बघून वारो घेवक गावना नाय.'

उलांडीची होडी पाहिली आहे का? बाजूला लाकूड बांधलेली. सडपातळ असूनही उलटत नाही, कारण आधार बाहेर ठेवलाय. कयाकमध्ये तो आधार तुमच्या कमरेत आणि वल्ह्यात असतो. वल्ह्याचं पातं पाण्यावर आडवं थापायला शिका, मग २१ इंचाची भीती जाईल.

आणि वाऱ्याचं गणित. पावसाळा सोडून आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून मतलई असते, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, बहुतेक वायव्येकडून. देवबागवरून तारकर्लीला म्हणजे उत्तरेला दुपारी परत यायचं, म्हणजे वारं तोंडावर घ्यायचं. होडी कुठलीही असो, दुपारचा वारा जिकडून येणार तिकडे सकाळी जा आणि परतताना तो पाठीवर घ्या. उत्तरेला आधी जा, मग दक्षिणेला. पण मतलई जोरात असेल तर किनारा सोडू नका, ती बाहेर ओढते आणि काठावरून पाणी गुळगुळीत दिसतं.

पंचगंगाकाठ
@देवगड_बंदर काका, हे कुणी आधी सांगितलं असतं तर फेब्रुवारीतला दिवस वाचला असता. मनापासून आभार.

कट_वेगळा
पण लांब होडी वेगवान असते ना? मग वाऱ्यात तीच बरी की.

मोजपट्टी
यात अर्धं खरं आहे. होडीच्या वेगाची व्यावहारिक मर्यादा पाण्यातल्या लांबीवर ठरते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर सागरी मैलांत ताशी. पाण्यातली लांबी १३ फूट असेल तर ४.८, १६ असेल तर ५.४. कयाक अगदी इथेच अडते असं नाही, पण याच्या वर जायला जोर खूप लागतो.

आता विचारा, आपण खरंच किती वेगाने जातो? दिवसभर वल्हवणारा धडधाकट माणूस ३ ते साडेतीनने जातो. त्या वेगाला मर्यादेचा संबंधच येत नाही. तिथे पाण्याला घासणारं पृष्ठ महत्त्वाचं ठरतं आणि ते लांब होडीत बऱ्याचदा जास्तच असतं. म्हणजे ४.५ ने जायची ताकद नसेल तर १७ फूट ओढण्यात फायदा नाही. पंचगंगाकाठ यांना पावणेदोन तास लागले ते साडेदहा फुटांमुळे कमी आणि ३२ इंचांमुळे जास्त.

उत्तरेश्वरकर
आमच्या आळीत शेवटी रुंदीचाच दोष निघाला. आई मलाही हेच सांगते, मिसळ कमी कर म्हणून.

करवीर_वाहतूक
पाण्यावरचं बोलणं छान चाललंय, पण होडी निम्मा वेळ गाडीवर असते, त्याचं कुणी बोलत नाही.

आपल्या बहुतेक गाड्या ४ मीटरच्या आतल्या. १७ फूट म्हणजे ५.२ मीटर. गाडीपेक्षा होडी लांब! करूळच्या वळणांवर मागचं टोक केवढं फिरतं ते आरशात दिसत नाही. समोरून उसाची ट्रॉली किंवा एसटी आली की पोटात गोळा येतो. पुढून-मागून दोरी बांधल्याशिवाय घाट उतरू नका, नुसत्या छतावरच्या पट्ट्यांवर भरवसा नको. मागच्या टोकाला लाल कापड. आणि पट्टे वाजायला लागले की त्यांना एक पीळ द्या, आवाज थांबतो.

प्लॅस्टिकवाल्यांनी लक्षात ठेवा, एप्रिलच्या उन्हात पट्टे करकचून आवळले आणि गाडी तशीच उभी ठेवली, तर तळाला खळगा पडतो. माझ्या होडीला पडला होता. घरी आणून उन्हात उलटी ठेवली, आतून गरम पाण्यात भिजवलेले टॉवेल दाबले, तेव्हा बराचसा भरला. पण तिथे बोट फिरवलं की अजून लागतो.

जांभ्या_दगड
प्लॅस्टिक की फायबर, यावर माझे दोन पैसे. कोकणच्या किनाऱ्यावर वाळू थोडी, जांभा फार. आणि जांभ्यावर कालवं. पाय कापतो तसा होडीचा तळही कापतो. एकदा उतरताना लाटेने माझी फायबरची होडी दगडावर फूटभर सरकवली. आवाज अजून कानात आहे, पाटीवर खडू करकरावा तसा. वीतभर लांब, पांढरी, काचेसारख्या कडा असलेली जखम.

पण पुढचं ऐका. फायबरच्या मासेमारी होड्या कोकणात जागोजागी आहेत, त्यामुळे दुरुस्ती करणारे हातही आहेत. मॅट, रेझिन, घासकागद, वर जेलकोट. दोन दिवसांत होडी तयार. प्लॅस्टिक दगडाला सहज फुटत नाही, नुसते ओरखडे पडतात. पण कधी चीर गेलीच तर गोंद त्याला धरत नाही, उष्णतेने वितळवून जोडावं लागतं, आणि ते नीट करणारा माणूस मिळणं कठीण. वजनाचं म्हणाल तर १४ फुटी प्लॅस्टिक आणि १७ फुटी फायबर, दोन्ही २५ किलोच्या अल्याडपल्याड. तेव्हा एकट्याने छतावर चढवायचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

वापरलेली घेताय तर हॅचची झाकणं बघा. मी पहिल्यांदा जी घेतली तिच्या मागच्या झाकणाचं रबर उन्हाने तडकलेलं होतं, ते विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मीही दाबून पाहिलं नाही. खाडीच्या मध्यावर मागची बाजू जड व्हायला लागली तेव्हा कळलं. घरी पाईपने पाणी मारून बघा, आणि उलट बाजूने कॉकपिटमध्ये चार बोटं पाणी भरून आडभिंतीतून झिरपतं का तेही बघा.

तुळशीकाठ
सुकाणू की स्केग यावर कुणीच बोललं नाही?

वल्हं_आणि_वारा
बोलू. होडी पुढे जाते तेव्हा नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाणी कापत घट्ट धरलेली असते, मागचं टोक मोकळं असतं. बाजूचा वारा त्या मोकळ्या टोकाला ढकलतो, म्हणून तोंड वाऱ्याकडे वळतं. स्केग म्हणजे मागे खाली सोडलेलं पातं, ते मागच्या टोकाला धरून ठेवतं. बाजूचा वारा असेल तर अर्धा, पाठीमागून असेल तर पूर्ण, समोरून असेल तर वर. सुकाणू हेच काम करतं, शिवाय पायाने फिरवता येतं.

सुकाणूचा तोटा असा, की जुन्या पद्धतीत पायाखालची पट्टीच मागेपुढे सरकते. पायाला टेकू राहत नाही, आणि कमरेतून ओढायला पायाचा टेकू लागतोच. दादा, 'ब'ला तसं असेल तर नीट तपासा. स्केगचा तोटा, वाळूवरून होडी ओढली की त्याच्या खोबणीत खडे अडकतात. पात्याला छोटं भोक पाडून दोरीचा फास ठेवा, सोबत्याने ओढला की सुटतो.

तुळशीकाठ
आभार. आणि नदीत जलपर्णी दोन्हींत अडकते, हे मी सांगतो.

उत्तरेश्वरकर
विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात पंचगंगेवर सराव केला तर? पाणी जरा वाहतं असलं की लाटांचीही सवय होईल.

राजाराम_बंधारा
नको. हात जोडून सांगतो, नको.

मी नदीकाठचा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा घर सोडलंय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आमच्याकडे पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. पण आकडे इशाऱ्याच्या खाली असतानाही नदी खेळायची नसते. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे खाली ते उलटं फिरून भिंतीकडेच येतं. त्यात अडकलेली वस्तू बाहेर पडत नाही, तिथेच घुसळत राहते. लाकडाचा ओंडका मी दुसऱ्या दिवशीही तिथेच फिरताना पाहिला आहे. शिवाय तारा, फांद्या, कुंपणं पाण्याखाली. समुद्राची लाट तुम्हाला टाकून पुढे जाते, पुराचं पाणी तुम्हाला सोडत नाही.

उत्तरेश्वरकर
समजलं दादा. नाही जाणार. शब्द.

कळंब्याची_मासोळी
बरं झालं बोललात.

मूळ प्रश्नाकडे येते. पंचगंगाकाठ दादा, घेण्याआधी एक परीक्षा नक्की घ्या. दोन्ही होड्या मुद्दाम उलटवा. तुमच्या जुन्या होडीत पाणी भरतच नाही, भोकांतून निघून जातं, आणि चढलं की लगेच वल्हवता येतं. आत बसायच्या होडीत स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बांधून कॉकपिट झाकणाऱ्या कापडाची) दोरी ओढून बाहेर यायचं, होडी सुलटी करायची, चढायचं, आणि मग कॉकपिट पाण्याने भरलेलं असतं. पंपाने उपसेपर्यंत ती होडी अंघोळीच्या टबासारखी डुलते. ज्या होडीत तुम्हाला हे सगळं एकट्याने, दमलेले असताना जमेल, तीच तुमची. सोबत माणूस ठेवा, जाकीट घाला, कमरेएवढ्या पाण्यात करा.

पंचगंगाकाठ
मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतोय. शनिवार-रविवार दोन्ही होड्या घेऊन कर्लीच्या खाडीत आणि मग समुद्रात गेलो. बरोबर दोन सोबती होते.

आधी 'ब'. रिकामी असताना तशीच अस्वस्थ. मग १० लिटरचे दोन कॅन बांधले. काय सांगू, होडी वेगळीच झाली! डाव्या कुशीवर कलवली, पोटात खड्डा पडला, आणि मग ती मधेच कुठेतरी टेकली. पाणी कॉकपिटच्या कडेला लागून चमकत होतं, कोपर ओलं झालं, आणि होडी तिथेच थांबून होती. दुसरी स्थिरता म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं. खाडीत तिने जी रेघ मारली ती मी विसरणार नाही.

पण मांड्या टेकत नव्हत्या त्या नव्हत्याच. समुद्रात अकरानंतर वारा आला तेव्हा कॅन काढून पाहिले. नाळ दोन्हीकडे भरकटायला लागली. सुकाणू दाबलं की पायाखालची पट्टी सरकायची आणि जोर हवेत जायचा. उलटवल्यावर चढलो दुसऱ्या प्रयत्नात, पण पाणी उपसून होईपर्यंत दोनदा परत पडलो.

'अ'मध्ये बसताक्षणी मांड्या वर टेकल्या. चपला पायात घातल्यासारखं वाटलं. त्याच वाऱ्यात अर्धा स्केग सोडला आणि तारकर्लीची सुरूची झाडं नाळेच्या समोर धरून सरळ गेलो. तळ आपटला नाही. उलटवून पहिल्याच प्रयत्नात चढलो, उपसायला चार मिनिटं लागली, पडलो नाही.

'अ' घेतली. माझं फिरणं दिवसभराचं आहे, आठवड्याचं नाही. मला रोज २० किलो पाणी वाहून न्यायचं नाही.

उत्तरेश्वरकर
अभिनंदन भावा! पण मी अजून म्हणतो, दोन वर्षांनी १६ फुटी घेशील.

पंचगंगाकाठ
घेईनही. पण तेव्हा माझ्या मापाची घेईन.

जांभ्या_दगड
जुनी विकू नका. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तीच लागणार आहे.

पंचगंगाकाठ
नाही विकत. धाकटी आठ वर्षांची आहे, पोहायला शिकली आहे. पुढच्या थंडीत तिला प्रयागला नेणार.

करवीर_वाहतूक
१४ फूट बोळात मावली का?

पंचगंगाकाठ
मावली, पण जिन्याच्या वळणावरून नेता येत नाही, म्हणून खालीच भिंतीला टांगली आहे. रुंद पट्ट्यांचे दोन झोळे केलेत, एका कुशीवर. दुपारी दोन ते चार ऊन येतं तिथे. गोणपाट टाकू की ताडपत्री?

जांभ्या_दगड
गोणपाट. ताडपत्रीखाली वाफ धरते. आणि हॅचची झाकणं सैल ठेवा, आतली हवा तापून फुगते.

देवगड_बंदर
येत्या रविवारी भांग आसा, भरती-ओहोटीची ओढ कमी. मी गावी जातोय. सकाळी साडेसहाला देवबागच्या जेटीवर ये, उत्तरेला जाऊन येऊ.

पंचगंगाकाठ
येतो काका. अडीचला निघतो.